दारात सगळे हो म्हणतात

माझ्या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे दोन पाय, चाकांची एक शॉपिंग ट्रॉली आणि बायकोचं लाकडी उलथणं.

मी लंडनच्या टोकाला एजवेअरमध्ये घरोघर पत्रकं टाकायचो. पिझ्झावाल्यांची, गालिचे धुणाऱ्यांची, खिडक्या बसवणाऱ्यांची, आणि इलेक्शन आलं की पार्ट्यांची. लोकांना वाटतं ह्यात काय मोठंसं, कागद आत ढकलायचा. ढकलून बघा एकदा. इथल्या दारातच एक फट असते, तिला म्हणायचं लेटरबॉक्स. बाहेरून स्प्रिंगचं झाकण आणि आतून दाट ब्रश, थंडी आत येऊ नये म्हणून. कागद त्या ब्रशात अडकतो, मग बोटं आत घालावी लागतात, आणि आत कुत्रा बसलेला असतो. तो दिवसभर तुमच्याच बोटांची वाट बघत असतो. म्हणून उलथणं. कागद उलथण्यावर दुमडायचा आणि घावन सोडवतात तसा अलगद आत सरकवायचा. चावलं तर उलथण्याला.

हे मी बोलतोय आणि माझी बायको सुमन लिहून घेतेय. आठवीला मी दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले. तेव्हा ह्या लेखात कुठं मी हुशार वाटलो तर ती ओळ तिची आहे असं समजा. इंग्लंडला मी मेव्हण्याच्या दुकानात कामाला म्हणून आलो. मेव्हण्यानं वर्षभरात मला काढलं. त्याचं काही चुकलं नाही. मीही मला ठेवलं नसतं.

पार्ट्यांची नावं इथं घेत नाही. दिवाळीच्या अंकात भांडणं नकोत. कामं घेऊन माझ्याकडे दोन माणसं यायची. त्यातल्या उंच माणसाला मी लांब्या म्हणायचो आणि दुसऱ्याला टकल्या. माझी उंची आणि माझं डोकं बघता दोन्ही नावं ठेवायचा मला काही अधिकार नव्हता. दोघं छातीला रिबिनीचं हे एवढं फूल लावून फिरायचे, आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतात तसं.

एका इलेक्शनला मी दोघांचंही काम घेतलं. एकाच गल्लीत दोनदा कशाला चाला, म्हणून लांब्याच्या घडीत टकल्याचा कागद घातला आणि एका फेरीत उरकलं. लोकांनी लांब्याचं पत्रक उघडलं की आतून टकल्या हसायचा. दोघांनी वेगवेगळं बोलावून मला झापलं. पण दुसऱ्याचं नुकसान किती झालं हे मात्र दोघांनी अगदी बारकाईनं विचारलं.

स्टेशनामागच्या आमच्या गल्ल्यांत बहुतेक आपलीच माणसं. पुण्याची, नागपूरची, काही गुजराती, काही तमिळ, सगळी कॉम्प्युटरवाली आणि भाड्यानं राहणारी. तिथं पत्रकं टाकायला लांब्या मला पाठवायचाच नाही. "डोन्ट बॉदर, बबन. दे डोन्ट व्होट." टकल्याही तेच म्हणायचा. म्हणजे दोघांचं कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत होतं. मला काय, तेवढंच चालणं वाचलं. त्या वाक्याची किंमत मला फ्लोराबाईंनी शिकवली.

फ्लोराबाई म्हणजे आपल्या बेने इस्रायली, मूळच्या भायखळ्याच्या. इथल्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या, रिटायर झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. त्यांचे यजमान सॅमसनकाका. काका सगळं हळूहळू विसरत चाललेले. आधी रस्ते विसरले, मग माणसं, मग इंग्रजी सगळंच्या सगळं गेलं. शिल्लक राहिलं ते मराठी. दिवसा ते आमच्या गल्लीतल्या डे सेंटरला यायचे. म्हाताऱ्या माणसांना कौन्सिल तिथं दुपारचं जेवण देतं, गाणीबिणी होतात. सुमन तिथल्या किचनमध्ये होती. काका रोज ताट बघून तिला विचारायचे, "भात कुणी केला?"

"मीच केला, काका."

"मग जेवतो."

दुसऱ्या कुणी सांगितलं तर घास उचलायचे नाहीत.

तर कौन्सिलला पैसे वाचवायचे होते. बंद करायच्या जागांत आमचं सेंटर निघालं. काकांना मिनीबसनं पार दुसऱ्या टोकाच्या सेंटरला नेणार होते. तिथं मराठी कळणारं कुणी नाही. फ्लोराबाई आमच्या किचनमध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तिथं तो उपाशी राहील, सुमन. आणि का राहिला तेही कुणाला कळायचं नाही."

तेवढ्यात आमच्या भागातला एक कौन्सिलर राजीनामा देऊन स्पेनला राहायला गेला. बाय-इलेक्शन लागलं. कौन्सिलात दोन्ही बाजू अगदी समसमान, ही एक खुर्ची जाईल तिकडे पारडं. लांब्या उभा राहिला, टकल्याही उभा राहिला. सेंटरचं विचारलं की दोघं म्हणायचे, बघू. फ्लोराबाईंनी दोन दिवस बघितलं आणि स्वतः फॉर्म भरला, कुठल्याच पार्टीचा नाही. "बबन," मला म्हणाल्या, "तू माझी पत्रकं टाकायची. आणि नुसती टाकायची नाहीत, दार वाजवून बोलायचं."

इथला एक कायदा आहे. पत्रकं टाकायचे पैसे घेतलेले चालतात, मतं मागायचे चालत नाहीत. म्हणून बोलायचं काम फुकट. आता मी फुकट काय बोलतो त्याची किंमत सुमनला विचारा. पण निघालो.

आणि काय सांगू, सोनं. एकही दार तोंडावर मिटलं नाही. "हो हो काका, नक्की. आत या ना, चहा टाकते." तिसऱ्या घरी अनुजा म्हणून पुण्याची मुलगी होती. नवरा निनाद सिटीत बँकेच्या कॉम्प्युटरवर. तिनं तर पोहे केले, वरून खोबरं. "सेंटर वाचलंच पाहिजे काका, आम्ही आहोतच." गल्लीच्या शेवटापर्यंत मी इतका चहा प्यायलो की धंद्यातली खरी अडचण कुत्रे नसून दुसरीच आहे हे मला तिथं कळलं.

फ्लोराबाईंना जाऊन सांगितलं, "बाई, स्टेशनामागच्या सगळ्या गल्ल्या आपल्या. एकानं नाही म्हटलं नाही."

"एकानंही नाही?"

"एकानंही नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. हॉस्पिटलात ताप नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे असंच बघत असणार.

मतदानाचा दिवस आला. ही दहा-पंधरा वर्षांमागची गोष्ट, तेव्हा इथं मत टाकायला फोटोचं ओळखपत्र लागत नव्हतं. इथं मतदान गुरुवारी असतं आणि त्याची सुट्टी नसते. सकाळी सातला शाळेच्या हॉलचं दार उघडतं ते रात्री दहापर्यंत. दाराबाहेर प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस खुर्ची टाकून बसतो. मत टाकून बाहेर येणाऱ्याला यादीतला नंबर विचारायचा. कुणाला दिलं ते विचारायचं नाही, फक्त नंबर. त्यावरून कळतं आपलं कोण आलं, कोण राहिलं. संध्याकाळी राहिलेल्यांची दारं ठोठावायची. मी बाईंच्या वतीनं बसलो. शेजारी लांब्याची बायको आणि टकल्याचा मेव्हणा. तिघांत एक बिस्किटाचा पुडा. मला तर पिकनिकच वाटली.

दुपार झाली, पाच वाजत आले. स्टेशनामागच्या गल्ल्यांतून एक माणूस आला, तोही टॉयलेट कुठंय विचारायला.

फ्लोराबाई सकाळपासून उभ्या उभ्याच होत्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या. "बबन, तुझी पक्की माणसं कुठं आहेत?"

"कामावरनं येतील ना बाई."

"बायका घरीच आहेत. आत्ता मी बघून आले, पडदे सारून मला हात करतायत."

 खुर्ची सोडून तसाच बाईंबरोबर अनुजाच्या दारात. ती पीठ लागलेल्या हातानं आली. "या ना काका, चहा..."

"चहा राहू दे. मत टाकलंस?"

"मी?" ती हसली. "काका, आम्ही व्हिसावर आहोत. आम्हाला कुठलं मत?"

"मग त्या दिवशी हो का म्हणालीस?"

"तुम्ही दारात आलेले, एवढे मोठे. नाही कसं म्हणणार?"

"बाकीच्यांना पण हो म्हणालीस?"

"ते उंच आलेले त्यांना म्हटलं. आणि ते दुसरे, केस नसलेले, ते तर सगळ्यात आधी आले होते. भिजून आले होते बिचारे, त्यांना टॉवेल दिला."

म्हणजे एरवी ही गल्ली टाळणारे लांब्या आणि टकल्या ह्या वेळी चुरस म्हणून माझ्या आधीच इथून असाच होकार घेऊन गेलेले. तिघांनाही अनुजानं हो म्हटलेलं. फरक एवढाच, ते दोघं धंद्यातले, त्यांनी आमच्या होकाराला किंमत दिली नाही. मी आपल्यातला, मला कळायला हवं होतं. आपण दारातल्या माणसाला कधी नाही म्हणतो का? नाही म्हणणं आपल्याकडे भांडण झाल्यावरचं काम. पण मला पोहे मिळाले होते, डोकं चाललं नाही.

फ्लोराबाई शांतपणे म्हणाल्या, "अनुजा, कौन्सिलकडून एक कार्ड आलं असेल. पांढरं."

"आलंय. निनाद म्हणाला, चुकून पाठवलंय, हात नको लावू, आपलं व्हिसाचं एक्स्टेंशन गेलंय. मी ते देवाच्या मागे ठेवलं."

"मग तुझं नाव यादीत कसं आलं?"

"तो फॉर्म आला होता ना, घरात कोण कोण राहतं ते भरून द्या, नाही तर दंड. म्हणून भरला."

"त्या फॉर्मनंच तू मतदार झालीस, बाळ. भारताचा पासपोर्ट आणि इथं राहायचा व्हिसा असला की मत टाकता येतं. कॉमनवेल्थवाल्यांना तो हक्कच आहे. त्यानं व्हिसाला काही होत नाही. मी पहिलं मत इथं आल्या वर्षी टाकलंय, भारताच्याच पासपोर्टवर."

अनुजानं माझ्याकडे पाहिलं. "काका, खरंच? तुम्ही पण टाकता?"

आता इथं सुमन म्हणतेय खरं लिहा. मी इतकी वर्षं त्या भागातल्या लेटरबॉक्सांतून मत टाका, मत टाका असे कागद सारत होतो, आणि मी स्वतः एकदाही टाकलं नव्हतं. मला वाटायचं, ते ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं काम. आपण आपले पत्रकंवाले.

फ्लोराबाईंना माझ्या तोंडावरूनच कळलं. "गाढवा," म्हणाल्या. अनुजासमोर म्हणाल्या, पण बरोबर म्हणाल्या.

मग अनुजानं हात धुतले आणि फोन उचलला. आपल्या बायकांचे हळदीकुंकवाचे फोन माहीत आहेत ना? एकीनं चौघींना, त्या प्रत्येकीनं आणखी चौघींना. त्याच वाटेनं निरोप सुटला. "अगं, आपल्याला मत आहे. हो, व्हिसावरसुद्धा. नाही नाही, काही घेऊन यायचं नाही. कार्ड नसलं तरी चालतं, नाव-पत्ता सांगायचा. साडी कशाला, जीन्सवर ये." मध्येच फोनवर हात ठेवून तिनं विचारलं, "मावशी, त्या विचारतायत कुणाला द्यायचं?"

मी तोंड उघडलंच होतं. फ्लोराबाईंनी मला हातानं थांबवलं. "ते सांगायचं नाही. फक्त यायला सांग."

"बाई," मी म्हटलं, "काकांच्या जेवणाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. फुकटात हो गोळा केलेस तेवढे पुरेत."

मी धावतच स्टेशनवर गेलो. ट्यूबमधून लोंढा बाहेर येत होता. आपला चेहरा दिसला की मी आडवा. "मत टाकलं का? तुमचं नाव आहे यादीत." एक जण म्हणाला, "थँक्स, मला गालिचा धुवायचा नाही." त्याचीही चूक नाही, रोज मी तेच वाटायचो. मग निनाद सापडला. त्याला अर्धं सांगेपर्यंत त्याचाच फोन वाजला, पलीकडून अनुजा. तो "हो, हो, हो" एवढंच म्हणाला आणि माझ्याबरोबर उभा राहून त्याच्या ऑफिसच्या पोरांना अडवायला लागला. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत ओढायचो. पाऊस सुरू झाला तरी कुणी हलेना. मला असला आनंद झाला होता की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद न देता माणसं थांबत होती.

शाळेत आलो तर रांग दारातून बाहेर, फुटपाथवर. बाबागाड्या, लॅपटॉपच्या बॅगा, सेंटरच्या एप्रनमध्ये सुमन. आतली मुख्य बाई, इथं त्यांना प्रिसायडिंग ऑफिसर म्हणतात, छत्री घेऊन बघायला बाहेर आली. मागच्या कुठल्या इलेक्शनला तिनं ह्या दारात रांग पाहिली नसावी. लांब्याची बायको नंबर घेता घेता दमली. टकल्याच्या मेव्हण्यानं फोनवर कुणाला तरी सांगितलं, "नो, द अदर स्ट्रीट्स. यस. दोज."

माझा नंबर आला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, मोठा कागद मिळाला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारली, घडी करून पेटीत टाकला. आणि टेबलापाशी येऊन डाव्या हाताचं बोट पुढं करून उभा राहिलो. लहानपणी बापाच्या बोटाला शाई लागलेली पाहिली होती. इथं शाई लावत नाहीत हे मला कुठं ठाऊक. टेबलवरच्या बाईनं बोट बघितलं, त्यावर कुत्रा चावल्याचा जुना व्रण. तिनं खालून फर्स्ट एडची पेटी काढली आणि मला बँडेज लावलं. माझ्या मागचे तिघं आपापली बोटं पुढं करून उभे होते, त्यांनी पटकन मागं घेतली.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी. बाईंच्या वतीनं मी आत. आधी प्रत्येक पेटी वेगळी उघडून कागद नुसते मोजतात, जुळतात का बघायला. पार्ट्यांची माणसं टेबलाला नाक लावून उभी असतात. कुठल्या पेटीतून किती निघाले ह्यावरून कुठल्या गल्ल्या जाग्या आहेत ते त्यांना कळतं. आमच्या शाळेची पेटी उलटी केली तर ढीग टेबलाच्या कडेपर्यंत आला. लांब्या आणि टकल्या दोघंही दुसरी टेबलं सोडून तिथं आले.

मग निकाल. टकल्या निवडून आला. फ्लोराबाई थोडक्यात पडल्या. लांब्याच्या पुढं, पण पडल्या.

बाहेर अनुजा थांबली होती. तिचा चेहरा उतरला. "मावशी, मी तुम्हाला नाही दिलं मत."

"अगं, कुणाला दिलंस ते सांगायचं नसतं," मी म्हटलं, पण ऐकायचं होतंच.

"त्या केस नसलेल्यांना दिलं. मी पहिलं हो त्यांना म्हटलं होतं ना. शब्द दिल्यासारखं झालं होतं."

मी डोक्यावर हात मारून घेतला. अख्ख्या एजवेअरात एकच होकार खरा निघाला, तोही टॉवेलबरोबर दिलेला. आणि तिच्यासारखे आणखी किती असतील कोण जाणे. बाईंनी कुणाला द्यायचं ते सांगू दिलं असतं तर त्या आज आत बसल्या असत्या.

फ्लोराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरोबर केलंस." मग बसस्टॉपच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ पर्स उघडबंद करत राहिल्या. वॉर्डातला आवाज कुठंतरी गेला होता. "बबन, सॅमसनला मी काय सांगू? सांगितलं तरी त्याला कळणार नाही, हेच बरं म्हणायचं का?" मला एकही विनोद सुचला नाही. सुमनला विचारा, हे किती क्वचित होतं.

पुढच्या आठवड्यात सेंटरच्या किचनमध्ये सुमनच्या खिडकीशी टकल्या उभा. छातीला फूल नाही, हातात ताट. त्याच्या मागे दोन माणसं सोडून लांब्या, त्याच्याही हातात ताट. दोघं सॅमसनकाकांच्या टेबलावर बसले. काकांनी टकल्याला मराठीत विचारलं, "भात कुणी केला?" त्यानं सुमनकडे बोट दाखवलं. काका जेवले. टकल्या त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सुमनला विचारलं, ह्या गल्ल्यांतले सगळे पुढच्या वेळीही येणार का मत टाकायला. सुमन त्याला एवढंच म्हणाली, "यू किप ओपन, यू सी."

कौन्सिलची मीटिंग झाली तेव्हा वरच्या गॅलरीत आम्ही सगळे होतो. पब्लिकला तिथं बसायला देतात, बोलायला देत नाहीत. अनुजा, निनाद, त्यांच्या ऑफिसची पोरं, काकांच्या शेजारी फ्लोराबाई, शेजारी मी. ठराव इंग्रजीत वाचला, मला एक शब्द कळला नाही, बाईंनी कानात सांगितलं, सेंटर चालू ठेवायचा. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. मी टकल्याकडे बघत होतो. त्यानं पेन खाली ठेवलं, वर गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि हात वर केला. पलीकडून लांब्याच्या बाजूचेही एकामागून एक हात वर.

मला राहवलं नाही. मीही उभा राहून हात वर केला, तोही बँडेजवाला, ते मी अजून काढलं नव्हतं. खालचा अध्यक्ष चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागला, दारातला शिपाई माझ्या दिशेनं निघाला.

फ्लोराबाईंनी माझी बाही धरून मला खाली ओढलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वॉर्डातला परत आला होता.

"बस खाली," म्हणाल्या. "तुझं टाकून झालंय."